धर्मशाळेला कुलूप होतं



विदर्भातल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. अध्यक्षानं वर्षभरातल्या संशोधनाचा आढावा घ्यावा, ही आपली प्रथा. तो कालपासून तुम्ही ऐकताच आहात, आणि इम्युनोथेरपीवर माझ्याहून अधिकारानं बोलणारे इथे बसले आहेत. मला कोविडच्या २०२० सालाबद्दल बोलायचं आहे. ते बोलायला मी फार वर्षं थांबलो.

काल परिसंवादात नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या ४१ केंद्रांचा अभ्यास दाखवला गेला. २०१९च्या तुलनेत मार्च ते मे २०२० मध्ये नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी घटली, मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी घटल्या. रेडिओथेरपी घेणारे मात्र २३ टक्क्यांनीच कमी झाले. मागून कुणीतरी म्हणालं, रेडिओथेरपीनं लाज राखली. माझी उभी हयात त्याच खात्यात गेली आहे. पण न आलेले हे रुग्ण कुठल्या तालुक्यातले, हे सभागृहात कुणी विचारलं नाही. केसपेपरवर पत्ता असतो. तो लावून बघायला कितीसा वेळ लागतो?

माझ्यासमोरची एक बाई सांगतो. पर्लकोटा नदीपलीकडची, भामरागड तालुक्यातली माडिया आदिवासी बाई. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, तिसरी स्टेज. इथल्या तरुणांना माहीत आहे: पाच आठवडे बाहेरून शेक, म्हणजे रेडिओथेरपी, दर आठवड्याला सिस्प्लॅटिन, मग आतून ब्रेकीथेरपी, आणि हे सगळं आठ आठवड्यांच्या आत. त्यापुढे लांबलेल्या प्रत्येक दिवसाला आजार आटोक्यात येण्याची शक्यता साधारण टक्क्याने उतरते. तिचा निम्मा शेक झाला होता. रक्त जाणं थांबलं होतं, भूक लागायला लागली होती. आणि २५ मार्चला देश बंद झाला.

यंत्र चालू होतं. तंत्रज्ञ पोलिसांचा पास घेऊन येत होते. बंद झाली ती रुग्णांच्या मुक्कामाची धर्मशाळा. गर्दी नको म्हणून मी काम करत होतो त्या रुग्णालयाने, त्याचं नाव मी घेणार नाही, धर्मशाळेला कुलूप लावलं आणि बाहेरगावच्या रुग्णांना ‘सुरळीत झालं की या’ असं सांगितलं. बैठकीत मी विरोध केला. उत्तर मिळालं, नियम सगळ्यांना सारखाच आहे. नागपुरातच धरमपेठेत राहणाऱ्या एका बाईला मुलगा स्कूटरवर बसवून रोज आणत होता. तिचा एकही शेक चुकला नाही. माडिया बाई सुनेबरोबर तांदळाच्या ट्रकमधून परत गेली.

आता सुरळीत केव्हा झालं ते बघा. गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूर अशा तीन जिल्ह्यांतून तिचा रस्ता. ई-पास ऑनलाइन काढायचा, आणि घरात फोन नाही. मे महिना तेंदूपत्त्याचा. वर्षाची रोकड हातात येते ती त्याच हंगामात, मग बरोबर यायला माणूस कोण? पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, हे दरवर्षीचंच. जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी सुरू झाली २० ऑगस्टला, आणि महिना संपेपर्यंत वैनगंगेला महापूर आला. ती आली दसऱ्यानंतर. लघवी सतत गळत होती. आमच्याकडे तिला द्यायला फक्त मॉर्फिन उरलं होतं.

कुणाचा उपचार पुढे ढकलता येईल, याचे तक्ते आपण त्या काळात केले. त्यावर आजही वाद चालतो. तक्त्यात स्टेज होती, वय होतं, बरं होण्याची शक्यता होती. अंतर नव्हतं. शहरातल्या रुग्णाचे तीन आठवडे म्हणजे तीनच आठवडे असतात. भामरागडच्या रुग्णाचे सात महिने होतात. टाटा मेमोरियलच्या डॉ. प्रमेश आणि डॉ. बडवे यांनी एप्रिल २०२० मध्येच लिहिलं होतं की साथीतही कॅन्सरचे उपचार चालू राहिले पाहिजेत. आपण सगळ्यांनी माना डोलावल्या. पण उपचार चालू म्हणजे यंत्र चालू, एवढाच अर्थ आपण धरला.

टेलिमेडिसिनचं कौतुक इथे झालं. त्याची नियमावली २५ मार्चलाच आली, चांगलंच झालं. या बाईचा निरोप मला एका शिक्षकाच्या फोनवरून यायचा, तोही ते टेकडीवर चढले तर. आणि फोनवरून शेक देता येत नाही.

आदिवासी उपचार अर्धवट सोडतात, हे वाक्य मी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ऐकतो आहे. साफ खोटं आहे. एका उन्हाळ्यात कोरचीकडची गोंड मंडळी आमच्याकडे होती, बहुतेक तंबाखूच्या खर्र्यामुळे झालेले तोंडाचे कॅन्सर. धर्मशाळेत त्यांना शेजारशेजारच्या खोल्या मिळाल्या, चूल मिळाली, आणि गोंडी बोलणारा एक वॉर्डबॉय संध्याकाळी चक्कर मारायचा. सगळ्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत शेक घेतला. महात्मा जोतिबा फुले योजनेतून शेकाचा खर्च निघतो. डोक्यावर छप्पर, भात आणि आपल्या भाषेत बोलणारा माणूस, हे द्यायला मात्र धर्मशाळाच लागते. ती उपचाराचाच भाग आहे, आणि साथीत सर्वांत शेवटी बंद व्हायची जागा आहे.

काही कामं करावी लागतील. केसपेपरवर स्टेजच्या शेजारी अंतर लिहायला हवं. शेक सुरू झालेल्या लांबच्या रुग्णाला मध्येच घरी पाठवता येणार नाही, असा नियम हवा. काही जिल्हा रुग्णालयांत डे-केअर केमोथेरपी सुरू झाली आहे; तिला माडिया आणि गोंडी बोलणारी माणसं जोडायला हवीत. पैसा कुठून आणायचा, ते कार्यकारिणीबरोबर बसून ठरवू. तसा ठराव मी लिहून सचिवांकडे दिला आहे. दुपारच्या सत्रात तो मतदानाला येईल, आणि ज्यांचा विरोध असेल त्यांनी तिथे उभं राहून तो मांडावा.