गोधडीचा बाजार आणि बाईचा रोज



या व्यासपीठावरून मोठमोठे पंडित बोलून गेले आहेत. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात, आणि त्याहूनही अधिक कामगार न्यायालयाच्या बाहेरील बाकावर. तेव्हा पांडित्याचा विषय मी घेतलेला नाही. हातमालाच्या बाजाराविषयी बोलणार आहे, आणि त्यातही गोधडीविषयी. कारण लक्ष्मी रोडवर विकली जाणारी पैठणी येवल्याहून येते, पण गोधडी याच शहरात, आपल्याच वस्त्यांतून शिवली जाते.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली या व्याख्यानमालेचा पाया घातला. पुढे दोनच वर्षांनी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, खादीचे कपडे घालून गेले. जरीच्या त्या गर्दीत हे शुभ्र जाडेभरडे कापड म्हणजे एक सवालच होता. कापड कोणत्या देशाचे, असा तो सवाल. आज आपण कापड घेताना वेगळे विचारतो: हाताने केलेले आहे काय? विचारतो हे चांगलेच आहे. परंतु ‘होय, हाताचे आहे’ असे उत्तर आले की आपले समाधान होते, आणि त्या हाताला काय मिळाले हे विचारायचे राहून जाते.

गोधडी कशी होते हे इथल्या वडीलधाऱ्यांना मी सांगायला नको. तरुण मंडळींसाठी सांगतो. जुनी सुती लुगडी, धोतरे यांचे थर एकावर एक अंथरायचे, वर ठिगळांची नक्षी बसवायची, आणि धावदोऱ्याने कडेकडून मध्याकडे शिवत यायचे. दक्षिण महाराष्ट्रात हिला वाकळ म्हणतात. काम साधे दिसते; पण सगळे थर एका टाक्यात धरायचे आणि खालचा थर गोळा होऊ द्यायचा नाही, ही गोष्ट सोपी नव्हे. अलीकडे जुने सुती लुगडे मिळणेही दुर्मीळ झाले आहे. येते ते बहुधा पॉलिएस्टर. त्यात सुई अडते, बोट टोचते, आणि घाम टिपण्याचा सुताचा गुण त्यात नाही तो नाहीच.

पूर्वी गोधडी घरच्यासाठी होती. तिला भाव नव्हता, म्हणून मजुरीही नव्हती. आता ती दिवाणखान्यात आली आहे. पलंगपोस म्हणून, भिंतीवर टांगायला, जाकिटाला, पिशवीला, बाळाच्या दुपट्याला तिचा उपयोग होतो. मोबाईलवर चित्र टाकून परदेशी विकली जाते. मी याला विरोध करणारा माणूस नाही. विक्री वाढल्याशिवाय काम वाढत नाही. पण प्रदर्शनात गोधडीला अडकवलेली चिठ्ठी वाचून पाहा. तिच्यावर आजीची माया असते, परंपरा असते, ऊब असते. शिवायला किती तास लागले, हे मात्र मी अजून एकाही चिठ्ठीवर वाचलेले नाही.

आता थोडा हिशेब. आकडे केवळ समजुतीसाठी घेतो. समजा, एका गोधडीला साठ तास लागले आणि बाईच्या हाती बाराशे रुपये पडले. तासाला वीस रुपये. आठ तासांचा रोज एकशेसाठ. यातून सुई-दोरा तिचाच, रात्रीच्या दिव्याचे बिल तिचेच. शिवाय सासूने दुपारी दोन ओळी घातल्या, मुलीने सुया ओवून दिल्या, हे श्रम कोणाच्याच वहीत नाहीत. आणि माल ‘टाके विरळ आहेत’ म्हणून परत आला, तर उसवण्याचा वेळ कोणाचा? तोही तिचाच!

कायदा नाही असे नाही. नगावर काम करणाऱ्यालाही किमान वेतन मिळाले पाहिजे, हे १९४८ च्या किमान वेतन कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. अडते ते एका प्रश्नापाशी: मालक कोण? प्रदर्शनवाला म्हणतो, मी नुसता विकतो. नमुना काढणाऱ्या बाईसाहेब म्हणतात, मी तयार माल घेते. वस्तीत काम वाटणारी ताई म्हणते, मी मधली. सगळे सज्जन असतात हो, पण मालक त्यांतला कोणीच नसतो.

हे नाटक पुण्याला नवे नाही. पूर्वभागातल्या पेठांत पद्मशाली बाया घरी विड्या वळीत. जात विणकरांची, आणि हातात तंबाखू! त्यांनाही हेच सांगितले जाई की तुम्ही आमच्या कामगारच नव्हे. अखेर १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला, घरी बसून वळणारी बाईही कामगार ठरली, आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. विडीला मजुरी हजारावर ठरते. गोधडीला अशी मोजणी का होऊ नये?

अहमदाबादची हकीगत याहून जवळची आहे. तिथे दरियापूर भागातल्या बाया गिरण्यांच्या चिंध्या जोडून गोधड्यांच्या खोळी शिवीत. १९७७ साली त्या इलाबेन भट्टांच्या ‘सेवा’ संघटनेत आल्या आणि त्यांनी मजुरी वाढवून मागितली. व्यापाऱ्यांनी बोलक्या बायांचे काम तोडले. तेव्हा संघटनेने स्वतःच चिंध्या आणून शिवणकाम सुरू केले, आणि त्यातून ‘सबिना’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. नुसते भांडून भागत नाही, कामाचे दुसरे दार उघडे असावे लागते, हे मी त्या बायांकडून शिकलो. पुढे १९९६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरखेप कामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला, त्यामागेही ‘सेवा’चा मोठा वाटा होता. भारत सरकारने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

मला विचारतात, मजुरी वाढली तर गिऱ्हाईक यंत्राच्या रजईकडे जाईल, मग काय करणार? काही गिऱ्हाईक जाईल, हे खरे. जे केवळ स्वस्ताईसाठी आले होते ते जाईल. पण ज्याला हाताचा टाका हवा आहे, तो पैठणी घेणाऱ्यासारखा आहे. जाणता माणूस पैठणीचा पदर उलटून पाहतो, कारण खऱ्या विणीत दोन्ही बाजू सारख्या दिसतात. त्याने गोधडीही उलटून पाहावी, आणि विकणाऱ्याला तास विचारावेत. दहा जणांनी विचारले की अकराव्याला चिठ्ठीवर लिहिलेले सापडेल.

पण तास लिहायचे तर आधी मोजायला हवेत. गोधडी लहानमोठी असते, म्हणून नगावर दर धरून चालणार नाही. चौरस हातावर धरावा, आणि दाट टाक्याचा वेगळा, विरळ टाक्याचा वेगळा. येत्या मे महिन्यात आम्ही मध्यम वेगाच्या बारा बायांना घड्याळ लावून शिवायला बसवणार आहोत. त्या दिवसाचा पुरा रोज त्यांना मिळेल. सुई-दोरा संघटनेचा. कापडाची मात्र अडचण आहे. ज्यांच्या घरी जुनी सुती लुगडी असतील, त्यांनी ती धुऊन, घडी करून उद्या येताना आणावीत. दाराशी आमचा कार्यकर्ता वही घेऊन बसलेला असेल. पॉलिएस्टर कृपा करून आणू नये.