पक्ष, साध्य, सिद्धता

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला, 'अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेश कसा मिळवावा'. मी म्हटलं, प्रवेश कसा मिळाला नाही, हे मी जास्त नीट सांगू शकेन. ते म्हणाले, चालेल, पण दहा मिनिटांत आटप. तेव्हा आधी नापास झाल्याची गोष्ट सांगते.

२००० सालचा डिसेंबर. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. आपल्या मराठी शाळेतून गेलेली, पहिला कॉम्प्युटर कॉलेजच्या लॅबमध्ये पाहिलेली मुलगी. जीआरई दिली, टोफेल दिली. गणितात गुण उत्तम आले, इंग्रजी शब्दांनी मात्र घाम काढला. मग पाच विद्यापीठांना अर्ज केले. प्रत्येकाची फी साधारण पन्नास डॉलर आणि डॉलर तेव्हा सत्तेचाळीस रुपयांच्या आसपास. बाबा सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांचे तीन महिन्यांचे पगार नुसत्या फीमध्ये गेले.

अर्जाबरोबर 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' द्यावं लागतं. तुम्हाला काय शिकायचंय, का शिकायचंय, याच विद्यापीठात का, हे एकदोन पानांत सांगायचं. सीनियरांकडून एक नमुना हॉस्टेलभर फिरत होता. त्यावरून मी लिहिलं की मला लहानपणापासून संगणकाचं वेड आहे. लहानपणी मला वेड होतं ते चिंचेचं! शिफारसपत्रांचंही तसंच. सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." तिन्ही पत्रं मीच लिहिली. तिन्हींत मी हुशार, मेहनती आणि नेतृत्वगुण असलेली होते.

एप्रिलपर्यंत पाचही ठिकाणांहून नकार आले. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी ती पत्रं क्रमानं लावून फायलीत ठेवली, दिवाणजीच ते. मला त्याचंच जास्त लागलं.

त्या मे महिन्यात मी भूमितीच्या बाईंकडे गेले होते. त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यांना कदाचित आठवत नसेल. बाईंनी माझं निवेदन वाचलं आणि विचारलं, "यात पक्ष कुठाय? सगळं साध्यच लिहिलंयस." तुम्हाला आठवत असेल, सिद्धतेत प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण लिहिलं नाही, तर बाई उत्तर बरोबर असूनही गुण कापायच्या. विरुद्ध कोन, सामाईक बाजू, काहीतरी कारण हवंच. माझ्या दोन पानांत एकाही वाक्यापुढे कारण नव्हतं.

मग बाईंनी आनंदीबाई जोशींचा विषय काढला. अठराव्या वर्षी, १८८३ साली, त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला अर्जाचं पत्र पाठवलं. पहिलं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं होतं. आपल्या देशातल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळावी, हे त्यांचं साध्य होतं. १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. "त्या पत्रात उसनं काही नव्हतं," असं बाई म्हणाल्या.

माझा पक्ष शोधायला मला महिना लागला. तो बाबांच्या दुकानातच होता. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी त्यांच्या दुकानाकरता हळदीच्या पट्ट्यांचा प्रोग्राम केला होता: वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई वजा. एकदा मधेच वीज गेली. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला तर एका शेतकऱ्याची हमाली वजा झालेली, पण हळदीची रक्कम जमाच नाही. बाबांनी वहीवरून हिशेब निस्तरला आणि मला म्हणाले, "वही लाइट गेल्यावर विसरत नाही." व्यवहार एकतर पूर्ण नोंदला जावा, नाहीतर अजिबात नाही, ही डेटाबेसमधली मूलभूत गोष्ट आहे, हे मला त्या चुकीनंतर पुस्तकात सापडलं. दुसऱ्या वेळी मी तेच लिहिलं. मला हे शिकायचंय, कारण माझ्याकडून हे बिघडलं होतं. प्रोजेक्टच्या सरांना मी विनंती केली की पत्र तुम्हीच लिहा. त्यांनी माझी फजितीही लिहिली आणि ती मी कशी दुरुस्त केली, तेही.

या वेळी विषय बघून तीनच अर्ज केले. दोन नकार आले, एक होकार. पहिल्या सत्राचा खर्च घर तारण ठेवून काढला. दुसऱ्या सत्रापासून असिस्टंटशिप मिळाली, म्हणून आम्ही तरलो. ती मिळाली नसती तर काय, हा हिशेब आम्ही आधी मांडला नव्हता. तो तुम्ही मांडा. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं, तेही सहसा कॅम्पसवरच. तेवढ्यावर फी निघत नाही. बारावीनंतर पाठवणार असाल तर हेही ध्यानात ठेवा की बहुतेक विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यानं आर्थिक मदत मागितली, तर प्रवेशाच्या निर्णयात ती धरली जाते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी थोडीच ठिकाणं ती धरत नाहीत, आणि तिथं प्रवेश मिळणं महाकठीण.

आता काळ बदललाय. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत सव्वातीन लाखांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते, सर्व देशांत सर्वाधिक. कितीतरी ठिकाणी जीआरई सक्तीची राहिलेली नाही, म्हणजे निवेदनाचं वजन वाढलं. आणि नेमकं तेच आता विकत मिळतं. एजंट लिहून देतो, नाहीतर संगणक अर्ध्या मिनिटात लिहून देतो. मी त्याच धंद्यातली आहे, त्यामुळे तो मजकूर किती गुळगुळीत असतो ते रोज पाहते.

गेल्या दिवाळीत आपल्याच शाळेची एक मुलगी वडिलांबरोबर माझ्याकडे आली. वडिलांनी निवेदनाचे पैसे एजंटला आधीच दिले होते. पहिलंच वाक्य होतं: लहानपणापासून मला संगणकाचं वेड आहे. मी हसले, मग मला रडू आलं. तिला विचारलं, "कंसात काय लिहिशील?" ती बराच वेळ गप्प बसली. मग द्राक्षबागेतल्या औषध फवारणीबद्दल बोलायला लागली, ती तासभर थांबलीच नाही. तिचे अर्ज गेले आहेत, निकाल अजून यायचे आहेत. नकारही येतील. पण आलाच, तर तो तिला स्वतःला आलेला असेल. माझे पहिले पाच नकार कुणाला आले होते, ते मला आजही सांगता येत नाही.

संघाला एवढंच सांगते: शाळेतलं जे मूल अर्ज करेल, त्याचं निवेदन मी वाचेन, कितीही वेळा. लिहून मात्र देणार नाही. बाईंनीही मला लिहून दिलं नव्हतं.