दारावरची पाहणी आणि आपलं उत्तर



आम्ही सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या बचत गटांच्या समन्वयक. महिन्याच्या बैठकीत हप्ते, व्याज, कर्जफेड असा हिशेब झाला की बायका मनातलं बोलायला लागतात. तेव्हा एक प्रश्न सारखा येतो. "ताई, घरी पाहणीवाल्या येतात, वयापासून पाळीपर्यंत सगळं विचारतात, कधी बोट टोचून रक्तही घेतात. त्यांना खरं सांगायचं का? सांगून आपल्याला काय मिळतं?" आज आपण याच प्रश्नावर बोलू, आणि त्यासाठी एचआयव्हीचं उदाहरण घेऊ. कारण या आजाराच्या मोजणीत घरोघरच्या बायकांच्या उत्तरांनी देशाचा आकडाच बदलला.

एखादा आजार किती जणांना आहे, हे कळायचे दोन मार्ग. एक म्हणजे दवाखान्यात आलेल्यांची मोजणी, दुसरा म्हणजे घरोघरची पाहणी. पहिला सोपा आणि स्वस्त. आपल्याकडे एचआयव्हीचा अंदाज बरीच वर्षं त्याच मार्गाने बांधला जायचा. ठरावीक दवाखान्यांत गरोदरपणाच्या तपासणीला आलेल्या बायका, गुप्तरोगावर उपचार घ्यायला आलेले रुग्ण आणि जास्त जोखमीचे समजले जाणारे गट यांचं रक्त तपासायचं आणि त्यावरून साऱ्या देशाचा हिशेब मांडायचा. त्या हिशेबाने २००५ साली देशात सुमारे ५२ लाख लोकांना एचआयव्हीची लागण असावी, असं धरलं गेलं.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. पण पंगतीचं मोठं पातेलं असलं तर वरचं एकच शीत उचलून आपण भात उतरवत नाही. झारा खालपर्यंत घालतो, दोन-चार ठिकाणची शितं दाबून बघतो. दवाखान्यातली मोजणी म्हणजे नुसतं वरचं शीत. जी बाई त्या दवाखान्यात गेलीच नाही, जी खासगीत गेली, जी गरोदरच नाही, ती या हिशेबात कुठे आली? आणि पुरुष तर गरोदरपणाच्या तपासणीला येतच नाहीत.

मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची तिसरी फेरी २००५-०६ साली झाली. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, तिच्या देखरेखीखाली ही पाहणी होते. त्या फेरीत पहिल्यांदाच घरोघरी एचआयव्हीसाठी रक्त घेतलं. देशभरातल्या एक लाखाहून जास्त स्त्री-पुरुषांनी ते दिलं. त्यातून १५ ते ४९ वयाच्या लोकांतलं प्रमाण निघालं ०.२८ टक्के, म्हणजे हजारात तिघांपेक्षाही कमी. दवाखान्यांची वाढवलेली मोजणी आणि ही पाहणी एकत्र करून जुलै २००७ मध्ये नवा अंदाज जाहीर झाला, तो सुमारे २५ लाखांचा. आकडा निम्म्यावर आला.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊया. आजार एका वर्षात निम्मा झाला नव्हता. आपलं मोजणं सुधारलं होतं. आणि आपल्या महाराष्ट्रासाठी ती बातमी फार दिलाशाची नव्हती. त्याच पाहणीत महाराष्ट्राचं प्रमाण ०.६२ टक्के आलं, देशाच्या दुपटीहून जास्त. म्हणजे त्या वयाची हजार माणसं घेतली तर सहा जणांना लागण. देशाचा आकडा उतरला, पण लक्ष कुठे द्यायचं ते जास्त स्पष्ट झालं. औषधं कुठे पाठवायची, तपासणी केंद्रं कुठे वाढवायची, हे अशा आकड्यांवर ठरतं.

हा अनुभव एकट्या भारताचा नाही. आफ्रिकेतल्या झांबिया देशात २००१ साली मोठ्या माणसांतलं प्रमाण सुमारे २१.५ टक्के असेल, असा अंदाज होता. २००१-०२ मध्ये घरोघरी रक्त तपासलं तेव्हा ते १५.६ टक्के निघालं. केनियात २००३ च्या पाहणीत बायकांमध्ये ८.७ टक्के आणि पुरुषांमध्ये ४.६ टक्के असं प्रमाण आलं. बायकांवरचा भार जवळजवळ दुप्पट. नुसत्या गरोदर बायका तपासून हा फरक कळला नसता.

हिवतापाचंही तसंच. तापाने फणफणलेल्या लेकराला दुकानातली गोळी दिली आणि ते घरीच राहिलं, तर दवाखान्याच्या वहीत त्याची नोंद कुठून होणार? म्हणून झांबियात घरोघरी जाऊन पाच वर्षांखालच्या मुलांचं बोट टोचून बघतात आणि विचारतात, "काल रात्री लेकरू मच्छरदाणीत झोपलं होतं का?" घरात मच्छरदाणी आहे का, एवढंच विचारून भागत नाही. मच्छरदाणी पेटीत घडी घालून ठेवलेली असू शकते. २००६ साली तिथे अशा शंभर मुलांपैकी साधारण २२ जणांच्या रक्तात हिवतापाचे जंतू सापडले, २००८ साली साधारण १०. दोन्ही वेळा पाहणी पावसाळा संपताना केली, म्हणूनच ही तुलना खरी मानता आली.

आता घरोघरच्या पाहणीची उणी बाजूही सांगायला हवी. ती मोजते घरातली माणसं. काल रात्री घरात कोण होतं, असं ती विचारते. खानापूर-आटपाडीकडचे किती पुरुष सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यात गेलेले असतात. माण-खटावमधली, पाटणमधली किती माणसं मुंबईला माथाडी कामात आहेत. गळीत हंगामात कारखान्यांच्या आसपास ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. घरांची यादी आधी झाली असेल, तर नंतर उभ्या राहिलेल्या कोप्या तिच्यात कशा येणार? महामार्गावरचा ट्रकचालक आज कराडला, उद्या बेळगावला. आणि देहविक्रय करणाऱ्या आपल्या बहिणी, त्यांच्या दारावर कोण पाहणीला जातं? सांगलीत संग्राम ही संस्था १९९२ पासून या बायकांसोबत काम करते, आणि १९९६ पासून वेश्या अन्याय मुक्ती परिषदेत या बायकांनी स्वतःची संघटना उभी केली. अशा कामामुळे त्या मोजणीबाहेर आणि औषधाबाहेर राहिल्या नाहीत. म्हणून सरकार ट्रकचालक, स्थलांतरित कामगार आणि जोखमीचे गट यांची वेगळी मोजणीही करतं. दोन्ही हिशेब शेजारी शेजारी ठेवले तरच चित्र पुरं होतं.

आता तुमच्या प्रश्नांकडे येऊ.

"आमचंच घर का निवडलं? कुणी सांगितलं का काही?" नाही. आधी गावं किंवा वॉर्ड निवडतात, मग तिथल्या सगळ्या घरांची यादी करून ठरावीक अंतराने घरं उचलतात. त्यात ना तुमच्याबद्दल संशय असतो, ना रेशनकार्डाशी काही संबंध. पण तुमचं घर निवडलं गेलं आणि तुम्ही दार लावून घेतलं, तर बदली म्हणून शेजारचं घर घेता येत नाही. तुमच्यासारख्या घरांची बाजू तेवढी उणी पडते.

"रक्ताचा निकाल गावात फुटला तर?" तिसऱ्या फेरीत एचआयव्हीसाठी बोटाचे थेंब जाड कागदावर घेऊन सुकवत आणि प्रयोगशाळेत पाठवत. त्या कागदावर नाव नसायचं, नुसता क्रमांक. म्हणून निकाल त्या बाईलाही कळवता येत नव्हता. ज्यांना आपलं स्वतःचं जाणून घ्यायचं होतं, त्यांना मोफत तपासणीच्या केंद्राची माहिती दिली जायची. हे लक्षात ठेवा: पाहणी समाजाचा आकडा काढते, ती तुमची तपासणी नव्हे. स्वतःची तपासणी करायची तर सरकारी रुग्णालयातल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात जा. ती मोफत आहे आणि गुप्त ठेवली जाते. १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते.

"नाही म्हणता येतं का?" येतं. पाहणीवाल्या ताईने आधी विचारायचं, समजावून सांगायचं, आणि तुम्ही हो म्हणालात तरच पुढे जायचं. बाकी प्रश्नांना उत्तरं देऊन रक्ताला नकार देता येतो. एखादाच प्रश्न सोडता येतो. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा कायदाच आहे, तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय कुणाला सांगणं नाही, आणि लागण आहे म्हणून कामावरून काढणं किंवा उपचार नाकारणं नाही.

शेवटची आणि आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. उत्तर देताना सासूबाई शेजारी, नवरा दारात, असं असलं की बायका "सगळं ठीक आहे" म्हणून मोकळ्या होतात. मारहाण होत नाही, अंगावरून जात नाही, थकवा नाही. मग तुमचा त्रास कागदावर शून्य म्हणून जातो, आणि शून्याला औषध पाठवलं जात नाही. म्हणून एकांत मागा. "आपण आत बसून बोलू" एवढं म्हणायला संकोच नको. आणि सासूबाईंनो, तुम्हीही ऐकत असाल. सूनबाईला अर्धा-पाऊण तास मोकळं सोडा. तोवर चुलीकडे बघा, नातवंडाला घ्या.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने यावर दहा मिनिटं बोलावं, अशी विनंती. पाहणीवाली आली तर ओळखपत्र बघायचं, कशासाठी आली ते विचारायचं, एकांतात बसायचं, मनाला पटेल तिथे खरं सांगायचं, नको तिथे नाही म्हणायचं. कर्जाच्या वहीत आपण एक रुपया चुकू देत नाही. देशाच्या वहीतली आपली नोंदही तितकीच खरी असू दे.

नमस्कार.