कुंडीतला निवडुंग आणि कड्यावरची माकुडी

श्रोतेहो, भाईंदरहून उत्तनकडे जाताना मुर्धे, राई, मोर्वा ही जी खाडीकाठची गावे लागतात, तेथील दमट, खारी हवा आणि चार महिन्यांची पर्जन्यवृष्टी भातशेतीस कितीही उपकारक असली, तरी अमेरिकेच्या शुष्क मुलखात ज्यांची घडण झाली त्या निवडुंगांस ती सहसा मानवत नाही. म्हणून राईच्या रहिवाशाला निवडुंगांचा छंद जोपासावयाचा असेल, तर त्याने कुंडीत जाड रेती व विटांचे तुकडे सढळ हाताने घालावे, तळाचे छिद्र मोकळे राखावे, पावसाळाभर कुंड्या पारदर्शक छपराखाली ठेवाव्या, आणि माती पुरती सुकल्यावाचून पाणी देऊ नये. कारण ही झाडे दगावतात ती बहुधा मुळे कुजून.

परंतु झाड जगविण्याइतकेच, ते आले कोठून, याची चौकशी करणे हेही छांदिष्टाचे कर्तव्य आहे. शेताच्या बांधावर एके काळी माजलेला फड्या निवडुंग आपल्याकडे परदेशातून आला आणि इतका फैलावला, की त्याच्या निर्मूलनासाठी 1926 मध्ये सिंहलद्वीपातून त्यावर जगणारे किडे मुद्दाम आणावे लागले. ज्या वनस्पतीचा असा उपद्रव झाला तिच्या नाशाची चिंता कोणी करू नये. मात्र त्यावरून काटेरी व मांसल वनस्पती सर्वत्र विपुलच असतात, असा ग्रह करून घेणे सर्वस्वी चुकीचे आहे.

याचा दाखला आपल्याच सह्याद्रीत आहे. मुंबई इलाख्यातील वनाधिकारी डाल्झेल यांनी जुन्नरच्या परिसरातील एका मांसल वनस्पतीचे वर्णन 1865 च्या सुमारास प्रसिद्ध केले आणि तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे शास्त्रीय नाव दिले. आपल्याकडे तिला शिंदळ माकुडी म्हणतात. शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड यांसारख्या मोजक्या ठिकाणी, उभ्या कड्यांच्या कपारींत ती आढळते. उन्हाळ्यात पाने टाकून जाड खोडावर तग धरते आणि पावसाळ्यात पालवून पिवळ्या ठिपक्यांची तांबूस फुले धारण करते. जगातील अत्यंत संकटग्रस्त अशा बारा वनस्पतींत एके काळी तिची गणना झाली होती. आणि हीच वनस्पती कुंडीत मात्र साध्या काडीपासून सहज रुजते! तेव्हा तिच्यासाठी कड्यावर हात घालण्यास कोणतीही सबब उरत नाही. शिवाय एकाच झाडाच्या शंभर काड्या लावल्या तरी तो शंभर ठिकाणी वाढणारा एकच जीव होय. कड्यावर बीजापासून उगवलेल्या झाडांत जे वैविध्य असते, ते कुंड्यांच्या संख्येने भरून येत नाही.

छंदाच्या लोभापायी रानातील झाडे उपटून विकण्याचा व्यवहार परमुलखांत मोठ्या प्रमाणावर चालतो. चिलीच्या आटाकामा वाळवंटातून उपटलेले हजाराच्या आसपास निवडुंग 2020 मध्ये इटलीच्या पोलिसांनी जप्त केले, आणि त्यांपैकी आठशेहून अधिक पुढील वर्षी मायदेशी परत पाठविण्यात आले. निवडुंगांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1975 पासून परवान्याचे बंधन आहे, तरीही 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत त्यांच्या एकतीस टक्के जाती संकटात असल्याचे आढळले. अधिवासाचा नाश हे त्याचे एक कारण खरे. परंतु संग्राहकांसाठी होणारी खुडणीही त्यातील एक प्रमुख कारण ठरली.

तेव्हा श्रोतेहो, छंद अवश्य करावा. मात्र रोप घेताना ते बियाण्यापासून वा काडीपासून रोपवाटिकेत वाढविलेले आहे काय, हे विक्रेत्यास निःसंकोच विचारावे, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर ते कितीही दुर्मीळ व स्वस्त असले तरी घेऊ नये. मित्राकडून एखादी काडी मागून आणावी आणि ती वाढली म्हणजे दुसऱ्यास द्यावी. गडावर गेल्यास माकुडीचे दर्शन घ्यावे, छायाचित्र काढावे आणि तिला तेथेच राहू द्यावे, एवढीच माझी विनंती आहे.