लाट मागून येते



जानेवारीतली पहाट. साडेपाच वाजलेत. काशीच्या अहिल्याबाई घाटावर आम्ही पाच जण बसलोय, माझे चार विद्यार्थी आणि मी. समोर गंगा आहे, पण धुक्यानं पाचव्या पायरीपुढचं सगळं गिळून टाकलंय. ध्वनी सांभाळणाऱ्या मुलीच्या कानाला हेडफोन आहे आणि काठीला बांधलेला माईक तिनं पाण्याच्या रोखानं धरलाय. लांबून एक इंजिनाची नाव गेली. भटभट आवाज आला, वाढला, विरून गेला. मग काहीच नाही. मनातल्या मनात पस्तीस-चाळीस आकडे मोजून व्हावेत इतक्या वेळानं खालच्या पायरीवर 'चप्' असं वाजलं. मग तिच्या वरच्या पायरीवर. मग आणखी एका. मुलीनं हेडफोन काढला. चेहरा पार उतरला होता तिचा. म्हणाली, "मॅडम, कुणीतरी वर येतंय."

कुणी येत नव्हतं. नाव निघून जाते, पण तिनं उठवलेली लाट काठाला पोचायला वेळ लागतो. तोवर आपण नाव विसरलेलो असतो. आणि विसरलेल्या आवाजाला आपलं मन लगेच पाय जोडतं, ओले पाय. आमच्या चित्रपटाची सुरुवात आम्हाला त्या पहाटे सापडली.

मी चित्रपटाचं संकलन शिकवते. या चौघांना शेवटच्या वर्षासाठी वीस मिनिटांचा भयपट करायचा होता. त्यातली पहिली दोन मिनिटं कशी असावीत, यावर पुण्यातच आमचे पंधरा दिवस गेले होते. मला विचाराल तर ते पंधरा दिवस थोडेच होते. भयपटाचा प्रेक्षक पहिल्या दोन मिनिटांत ठरवतो की या माणसांच्या हाती आपण आपली भीती द्यायची की नाही. एकदा त्यानं हात आखडता घेतला, की पुढे पडद्यावर कितीही किंकाळ्या फोडा, तो खुर्चीत आरामात बसून राहतो.

मुलांनी काढून आणलेला पहिला स्टोरीबोर्ड मी जपून ठेवलाय. पहिल्या चौकटीत काशीच्या मणिकर्णिका घाटावरची जळती चिता. दुसरीत राख फासलेला अघोरी. तिसरीत कवटी. चौथ्या चौकटीत अंधार आणि किंकाळी. चित्रं सुरेख होती, मुलं हुशार आहेत. पण मी नाही म्हटलं, आणि त्याची दोन कारणं त्यांना सांगितली. ती चिता कुणाच्या तरी वडिलांची असते, आईची असते. लोक शंभर कोसांवरून माणूस घेऊन तिथं येतात. त्यांच्या दुःखावर आपण कॅमेरा रोखून आपल्या पोरखेळाला भीती उसनी घ्यायची, हे मला पटत नाही. तिथले लोकही चितेचे फोटो काढू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

दुसरं कारण मुलांना काशीत आल्यावर कळलं. काशीत मरणाची भीती चालत नाही. तिथं प्रेतयात्रा चहाच्या टपरीसमोरून जाते आणि चहा पिणारा माणूस फक्त पाय आत घेतो. काशीत मरणाऱ्याच्या कानात स्वतः शंकर तारक मंत्र सांगतो, अशी श्रद्धा आहे. तिथं यमाचा अंमल नाही. जन्मोजन्मीच्या पापाची जी काही शिक्षा असेल ती कालभैरव मरणाच्या एका क्षणात भोगायला लावतो आणि माणूस सुटतो. तिला भैरवी यातना म्हणतात. आमच्या नावाड्याला मुलांनी विचारलं, घाटावर भुतं आहेत का हो? तो मनापासून नवल करत म्हणाला, इथं भूत राहील कसं? इथं मेला तो सुटला. ज्यांची सुटका व्हायची राहिली, त्यांच्यासाठी पिशाचमोचन कुंड आहे, तिकडे जा. आम्ही गेलो. अकाली गेलेल्यांचं त्रिपिंडी श्राद्ध तिथं होतं. काठावरच्या पिंपळाच्या बुंध्यात खिळे आणि नाणी ठोकलेली आहेत, एकेक खिळा म्हणजे एकेक न सुटलेला जीव. दिग्दर्शन करणारा मुलगा त्या बुंध्यासमोर बराच वेळ उभा होता. परतताना म्हणाला, "मॅडम, म्हणजे भूत मेल्यामुळे होत नाही. काहीतरी राहून गेल्यामुळे होतं." त्याच संध्याकाळी त्यानं तो स्टोरीबोर्ड बाजूला ठेवला.

मग आम्ही घाटाकडे नीट पाहायला लागलो. अहिल्याबाई घाट दशाश्वमेधाच्या अगदी शेजारी आहे, मध्ये फक्त शीतला घाट. दक्षिणेला हरिश्चंद्र घाटाचं स्मशान, उत्तरेला मणिकर्णिकेचं, आणि हा घाट दोन्हींच्या मधे. पूर्वी याला केवलगिरी घाट म्हणत. अहिल्याबाई होळकरांनी तो नव्यानं बांधून घेतला आणि त्यांचंच नाव रूढ झालं. काशीला गंगा उत्तरेकडे वाहते आणि सगळे घाट एकाच काठावर, पूर्वेकडे तोंड करून आहेत. पलीकडे नुसतं वाळवंट. सूर्य त्या वाळवंटातून उगवतो. उजेड कसा पडतो याचा विचार करणाऱ्याला यातली मोठी गोष्ट दुपारी दिसते. सूर्य वाड्यांच्या मागे जातो आणि उंच दगडी भिंतींची सावली घाटावर पडते. ती सावली एकेक पायरी खाली उतरत जाते, अगदी माणसासारखी, आणि शेवटी पाण्यात शिरते. मुलांनी एका पायरीवर खडूनं रेघ मारली आणि घड्याळ लावून सावलीची वाट पाहत बसली. असं बसणं मला फार आवडलं. रेकी, म्हणजे चित्रीकरणाआधीची जागेची पाहणी, याहून वेगळी काय असते?

आणि पाणी. उन्हाळ्यात खालच्या ज्या पायऱ्या उघड्या पडतात, त्या श्रावणात कुठे गेल्या हे सांगता येत नाही. काशीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ साली पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढलं होतं. उन्हाळ्यातल्या पाण्यापासून मोजलं तर पुराचं पाणी दहा मीटरहून जास्त चढतं, म्हणजे तीन मजले. तेव्हा घाट बुडतात, एका घाटावरून दुसऱ्यावर चालत जाता येत नाही, आरती गच्चीवर करावी लागते. पाणी ओसरलं की पायऱ्यांवर गाळाचे थर राहतात आणि ते पंपाच्या पाण्यानं धुऊन काढतात. अशा घाटावर बसलं की आपण एका लांब जिन्याच्या मधोमध बसलोय असं वाटतं. खाली किती पायऱ्या आहेत ते दिसत नाही.

हा घाट चित्रपटात कसा आणायचा, यासाठी मी मुलांना थोरामोठ्यांची कामं दाखवली होती. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या 'अपराजितो'ची सुरुवात पुलावरून जाणाऱ्या आगगाडीतून होते. खिडकीतून पुलाचे गर्डर सरकताना दिसतात आणि त्यांच्या पलीकडे गंगा. त्याच चित्रपटात छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी काशीच्या घराचा चौक कलकत्त्यात स्टुडिओत उजळला. चौकात वरच्या आभाळातून झिरपणारा, सावली नसलेला उजेड हवा होता. त्यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा झोत त्यावर टाकून तो परतवला. आमच्या मुलांना हे फार उपयोगी पडलं. आतला प्रसंग आम्हाला वाईच्या एका जुन्या वाड्यात करायचा होता, आणि दोन जुनी धोतरं शिवून आमचं आभाळ तयार झालं. अमेरिकेत सॅम रेमी नावाच्या विशीतल्या मुलानं 'द इव्हिल डेड' केला, १९८१ चा तो चित्रपट. त्यात अदृश्य शक्ती धावत येते तो शॉट कॅमेरा एका फळीला बांधून, फळीची दोन टोकं दोघांनी धरून पळत घेतलेला आहे. पैसे नसलेल्या मुलांनी हे जरूर ऐकावं. आणि आपल्याकडचा २०१८ चा 'तुंबाड'. त्याचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी नारायण धारपांची एक गोष्ट जंगलात मित्राच्या तोंडून ऐकली, त्या भीतीतून तो पुढे वाढला. अंधारात ऐकलेल्या गोष्टीनं एवढं काम केलं. म्हणून मी आज हे रेडिओवरून सांगते आहे. भीतीचा रस्ता कानातून जातो, हे तुम्हा श्रोत्यांना मी वेगळं सांगायला नको.

पण गोष्ट कुठली? ती घाटाच्या नावातच होती आणि आमचं लक्ष नव्हतं.

अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्यानं गेले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले. गादीवर मुलगा मालेराव आला आणि १७६७ मध्ये तोही गेला. त्याच्या मृत्यूची एक गोष्ट माळव्यात लोक सांगत असत. जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्यानं ती १८२३ च्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. मालेरावानं भरतकाम करणाऱ्या एका कारागिराला संशयावरून मारलं. तो निर्दोष होता हे मागाहून कळलं. मालेरावानं अंथरूण धरलं, आणि मेलेला कारागीर त्याच्या तोंडून बोलू लागला. अहिल्याबाई रात्रंदिवस मुलाच्या उशाशी बसून त्या आत्म्याशी बोलत होत्या. रडल्या, विनवण्या केल्या. तुझं देऊळ बांधते, तुझ्या घरच्यांना जमीन देते, माझ्या मुलाला सोड. उत्तर एकच येत होतं. मी निरपराध होतो, मला त्यानं मारलं, मी त्याचा जीव घेणार.

ही दंतकथा आहे, इतिहास म्हणून मी ती सांगत नाही. पण श्रोतेहो, पुढे ज्या बाईनं देशभर देवळं आणि घाट बांधले, १७८० मध्ये काशी विश्वेश्वराचं मंदिर पुन्हा उभं केलं, तिच्याबद्दल लोकांनी ही गोष्ट रचावी, की एक देऊळ असंही होतं जे तिनं देऊ केलं आणि घेणाऱ्यानं नाकारलं! मी हे वाचून दाखवलं तेव्हा चौघंही गप्प बसले.

अहिल्याबाईंचं नाव चित्रपटात घ्यायचं नाही, हे आधी ठरलं. ज्या माउलीला लोक देवघरात पुजतात, तिच्या दुःखाचा तमाशा करायचा नाही. आमची आई आजच्या काळातली आहे, साधी नोकरदार बाई. तिच्या मुलाच्या गाडीखाली एक माणूस गेला आणि ते प्रकरण पैसे देऊन मिटवलं गेलं. एवढंच.

आता सुरुवात ऐका. पडदा काळा. लांबून नाव येते आणि जाते. शांतता. मग बाईचा आवाज, हलका, समजूत घालणारा. "देऊळ बांधते." पायरीवर पाणी वाजतं, चप्. "गावाकडची जमीन तुमच्या नावानं करते." पाणी आणखी एक पायरी चढतं. "तुमच्या मुलींची लग्नं मी करून देईन." आणखी एक. चाळीस सेकंद झाल्यावर पहिलं चित्र येतं. दुपारचा घाट, वरून उतरत येणारी सावली आणि खालून चढलेलं पाणी. दोन्हींच्या मधे एकच कोरडी, उन्हातली पायरी उरली आहे, आणि त्या पायरीवर चपलांचा एक जोड.

त्या बाईला उत्तर मिळावं का, यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. दिग्दर्शक मुलाला घोगरा, खर्जातला आवाज हवा होता. मी म्हणत होते उत्तरच नको. वाद मिटवला ध्वनी सांभाळणाऱ्या मुलीनं. म्हणाली, "उत्तर तिच्या मुलाच्याच आवाजात येऊ दे, रोजच्या. 'आई, पाणी दे' म्हणतो त्या आवाजात त्यानं 'नाही' म्हणायचं." मला माझा हट्ट सोडावा लागला. दोनशे वर्षांपूर्वी माळव्यातल्या लोकांनीही असंच सांगितलं होतं, की तो बोलत होता मालेरावाच्या तोंडून.

शेवटच्या दिवशी सकाळी त्या मुलीनं बाईची वाक्यं स्वतःच्या आवाजात म्हणून पाण्याच्या आवाजावर बसवली, नुसतं जमतंय का पाहायला. आमचा नावाडी दोर आवरत होता. रोज आम्ही काय ऐकतो याचं त्याला कुतूहल होतं, म्हणून तिनं हेडफोन त्याच्या कानाला लावला. पहिली लाट ऐकून तो म्हणाला, ही मोठ्या नावेची. मग तो थांबला. मराठीचा एक शब्द त्याला कळत नव्हता. शेवटपर्यंत ऐकून त्यानं हेडफोन हातात घेतला आणि विचारलं, ही बाई कुणाला विनवते आहे?

मुलाला, असं मी सांगितलं. त्यानं पुन्हा एकदा ऐकायला मागितलं.