सिंहली अक्षरांतली पाली



परदेशी जाऊन नवी भाषा शिकायची म्हटलं की हल्ली जर्मनचे वर्ग, परीक्षा आणि व्हिसा डोळ्यांपुढे येतात. मी आज बोलणार आहे ते पाली शिकण्यासाठी परदेशी गेलेल्या बौद्ध धर्माच्या अभ्यासकाबद्दल, धर्मानंद कोसंबींबद्दल.

त्यांचा जन्म १८७६ सालचा, गोव्यातल्या साखवाळचा. शालेय शिक्षण जेमतेम. दिवस जायचे ते नारळाच्या बागेची देखभाल करण्यात. 'बालबोधमेवा' मासिकात त्यांनी बुद्धाचं चरित्र वाचलं आणि बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचाच, असा ध्यास घेतला. त्यासाठी घर सोडलं. आधी पुणे, मग काशी. अन्नछत्रात जेवायचं आणि संस्कृत शिकायचं. पण बुद्धाचे मूळ ग्रंथ पालीत, आणि पाली शिकवणारे गुरू त्या काळी आपल्याकडे मिळेनात. नेपाळातही निराशाच झाली. अखेर १९०२ साली ते सिलोनला पोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली त्यांचं शिक्षण सुरू झालं.

त्या वेळी ते पंचविशीचे होते. पाली ग्रंथ समोर, पण अक्षरं सिंहली – गोल, वळणावळणाची. काशीत व्याकरण घोकलेल्या माणसाला पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ! पुढे ते ब्रह्मदेशात गेले. तिथे तेच पाली ग्रंथ ब्रह्मी लोकांच्या लिपीत. मला वाटतं, कोसंबी घडले ते इथे. विद्वान म्हणून मान मिळण्याआधी परक्या मुलखात विद्यार्थी होऊन बसायची त्यांची तयारी होती, आणि ती शेवटपर्यंत टिकली.

या प्रवासाची किंमत मात्र त्यांच्या एकट्याच्या खात्यावर मांडता येत नाही. घरी पत्नी बाळाबाई होत्या, मुलगी तान्ही होती. कोसंबींचं कौतुक करताना बाळाबाईंची ती वर्षंही आपण ध्यानात ठेवली पाहिजेत.

१९१० साली हार्वर्डहून बोलावणं आलं. काम होतं 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाचं. तिथल्या मुक्कामात त्यांनी समाजवादावरची पुस्तकं वाचून काढली. बुद्धाच्या शोधात निघालेला माणूस आता कामगारांच्या प्रश्नाचा विचार करू लागला. दोन्हींच्या मुळाशी माणसाचं दुःखच होतं, म्हणून मला यात कुठेही विसंगती वाटत नाही. १९२९ साली ते लेनिनग्राडलाही जाऊन आले.

लेनिनग्राडच्या आधीचा हा प्रवास त्यांनी 'निवेदन' या आत्मचरित्रात साध्या, सरळ मराठीत लिहून ठेवलाय. जरूर वाचा.

अमेरिकेहून परतल्यावर १९१२ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. पु. वि. बापटांसारखे अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले. आणि १९४० साली त्यांनी संपादित केलेला 'विसुद्धिमग्ग' देवनागरीत छापून आला. सिंहली अक्षरं न गिरवताही आपल्याकडचा विद्यार्थी आता तो ग्रंथ उघडून वाचू शकत होता.