आरोप म्हणजे गुन्हा नव्हे
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या दिवशी पोलीस-कोर्टाची गोष्ट कायले, असे काही जण म्हणतील. पण आम्ही गिरणीतली माणसे. धागा तुटला की आधी त्याचे टोक शोधतो. आपल्या अकोटच्या वस्तीत पोट्ट्याला ठाण्यात नेले की घरचे घाबरतात, पुढाऱ्याच्या दारी धावतात, मायच्या अंगावरचा दागिना गहाण पडतो. पण आरोप काय, कलम कोणते, हे कोणीच विचारत नाही. ते टोकच सापडलेले नसते.

हा विचारण्याचा हक्क बाबासाहेबांनी घटनेत घातला. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी घटना समितीत १५-अ हे कलम मांडले, तेच आजचे कलम २२. अटकेचे कारण सांगितले पाहिजे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. आपल्या बोलण्यातले चारशेवीस आता न्याय संहितेत ३१८ झाले. आकडे बदलले, हक्क गेले नाहीत. उलट ६ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत. लगेच शक्य नसेल तर तोंडी सांगावीत, पण कोर्टात नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद हाती पडला पाहिजे. तेव्हा मराठीत लेखी मागायला भ्यायचे कारण नाही.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा. गुन्हा जामीनपात्र आहे का, हे पहिल्याच झटक्यात विचारा. असला तर जामीन हा हक्क आहे, मेहरबानी नव्हे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची तर खास कारण, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते.

गुन्हा शाबीत करण्याचे ओझे सरकार पक्षावर असते. तरी "कबूल कर, दंड भर, मोकळा हो" असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. दंड भरून पोरगा त्या दिवशी मोकळा होतो, पण नोकरीच्या चौकशीत ती शिक्षा पुन्हा समोर येते. आपले चौथे शील खोटे बोलू नका म्हणते. न केलेला गुन्हा कबूल करणे हेही खोटेच की!

वकिलाला पैसा नाही म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुले आणि कोठडीतला माणूस यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, म्हणून जातीचा दाखला घरात तयार ठेवा. कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्या किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

आमची एवढीच विनंती आहे. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास या विहारात कायद्याचे वाचन व्हावे. शिकलेल्या पोरांनी वाचावे, मायबहिणींनी प्रश्न विचारावेत. पुढच्या वेळी कोणाच्या दारात पोलीस आले, तर त्या घरातून रडण्याआधी प्रश्न निघाला पाहिजे, "साहेब, कलम कोणते?"

जयभीम! नमो बुद्धाय!